पीडीएफ उघडते, पण वाचत नाही: मराठी पुस्तकांच्या फाइलींचं निदान आणि उपाय

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की हा प्रश्न ठरलेला. कालिन्याला एम.ए.ला प्रवेश घेतलेली मुलगी असो, दादरला राहून एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा असो, नाहीतर उतारवयात दृष्टी गेल्यावर मोबाइलवर वाचायला शिकलेले गिरगावातले काका असोत, तक्रार एकच: "ताई, पुस्तकाची फाइल मिळाली, उघडते, पण वाचत नाही." मग कुणीतरी नवं ॲप सुचवतं. ते उतरवून घेतलं जातं आणि तेही वाचत नाही. त्याच ॲपमध्ये इंग्रजी पुस्तक मात्र धडाधड वाचलं जातं, त्यामुळे आपल्यालाच काही जमत नाहीये असं वाटायला लागतं.

तुमचं काही चुकत नाहीये, आणि बहुतेक वेळा ॲपचंही नाही. दोष फाइलमध्ये असतो. मी पूर्ण अंध आहे, माझं रोजचं वाचन संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक या स्क्रीन रीडरांच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामांच्या, भरवशावर चालतं, आणि माझं सांगणं एवढंच आहे की नवं ॲप शोधण्याआधी फाइलला नेमकं काय झालंय ते ओळखा. वरवर सगळ्यांची तक्रार सारखी असली तरी कारणं वेगवेगळी असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी ही चाचणी

फाइल संगणकावर उघडा. पुस्तकाच्या मधल्या एखाद्या पानावरची एक ओळ निवडून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि उजव्या बाणाने एकेक अक्षर ऐका. अख्खे शब्द ऐकून फसगत होते, म्हणून अक्षरंच ऐका. मुखपृष्ठ किंवा पहिलं पान चाचणीसाठी घेऊ नका. तिथे पुष्कळदा नुसतं चित्र असतं आणि आतली पानं वेगळी निघतात. एनव्हीडीएबरोबर मोफत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आहे. त्याचा आवाज यांत्रिक वाटतो, पण अक्षर ओळखायला पुरेसा आहे. मोबाइलवर निवडणं आणि कॉपी करणं जिकिरीचं होतं, तेव्हा जमेल तर हे काम संगणकावरच करा.

निकाल चारांपैकी एक येईल. एक तर निवडायला काही सापडणारच नाही. किंवा नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतील. किंवा मराठीच येईल, पण वेलांट्या आणि रफार जागचे हललेले असतील. किंवा सगळं स्वच्छ येईल, आणि मग अडचण फाइलची नसून आवाजाची असेल.

फाइल गप्प असेल तर

निवडायला काहीच सापडत नाही, एनव्हीडीए रिकामा दस्तऐवज असल्याचं सांगतो, किंवा ॲडोबी रीडर हे स्कॅन केलेलं पान असल्याची सूचना देतो. याचा अर्थ त्या फाइलमध्ये अक्षरंच नाहीत, पानांचे फोटो आहेत. कितीही ॲप बदलली तरी फोटोतून अक्षरं आपोआप निघणार नाहीत, त्याला ओसीआरच, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवण्याचं काम, करावं लागतं.

एनव्हीडीए कीबरोबर (ही सहसा इन्सर्ट की असते) आर दाबलं की ओसीआर होतं, पण ते विंडोजच्या स्वतःच्या ओसीआरवर चालतं. मराठीसाठी त्यावर विसंबू नका. मराठीला आत्ता सगळ्यात सोपी वाट गुगल ड्राइव्हची आहे: फाइल ड्राइव्हवर चढवा, तिच्या मेनूतून 'ओपन विथ' आणि मग 'गुगल डॉक्स' निवडा. नव्या दस्तऐवजात मजकूर येतो. गुगलच्या मदतपानावर फाइल २ एमबीपर्यंत ठेवायला सांगितलंय, तेव्हा अख्खं पुस्तक एकदम टाकू नका, प्रकरणाप्रमाणे तुकडे करा. ज्यांना थोडं तांत्रिक जमतं त्यांच्यासाठी टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्राम आहे. त्यात मराठीचा स्वतंत्र संच आहे आणि इंटरनेट लागत नाही.

स्कॅन कुणाकडून करून घेणार असाल तर करण्याआधीच सांगून ठेवा: ३०० डीपीआय, पान सरळ, आणि उघड्या पुस्तकाची दोन्ही पानं एका चित्रात नकोत. दोन पानं एकत्र आली तर डावीकडची ओळ अर्धी वाचून मशीन थेट उजव्या पानावर उडी मारू शकतं. मैत्रीण व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो पाठवणार असेल तर तिला ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नाहीतर व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं आणि अनुस्वार सगळ्यात आधी गळतात.

ओसीआरनंतर हाती येतं ते कच्चं असतं. 'ख'चा 'रव' होतो, 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल होते, मराठी १ च्या जागी इंग्रजी 9 (नऊ) येतो. इतिहासाच्या पुस्तकात हा शेवटचा घोळ फार महागात पडतो, त्यामुळे सनावळ्या कुणा डोळस माणसाकडून पडताळून घ्याच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आवाजावरून सहज कळत नाहीत. त्या शोधायला अक्षर-अक्षर ऐकावं लागतं किंवा ब्रेल डिस्प्लेवर वाचावं लागतं. भाषेच्या विद्यार्थ्यांनी ही मेहनत घ्यावी, कथा-कादंबरी वाचणाऱ्यांनी नाही घेतली तरी चालेल.

वाचताना वाक्य प्रत्येक ओळीच्या शेवटी तुटत असेल तर छापील ओळीगणिक नवा परिच्छेद झालाय असं समजा. वर्डमध्ये कंट्रोल एच दाबा. शिफ्ट ६ ने येणारं कॅरेटचं चिन्ह आणि त्यापुढे लहान पी, ही वर्डमधली परिच्छेदाची खूण. आधी लागोपाठच्या दोन खुणांच्या जागी पुस्तकात कुठेही नसेल असं काहीतरी घाला, तीन फुल्या म्हणा हवं तर. मग उरलेल्या एकेरी खुणांच्या जागी मोकळी जागा, आणि शेवटी तीन फुल्यांच्या जागी पुन्हा परिच्छेदाची खूण. पुस्तक एकदम वाहतं होतं. दर पानाच्या डोक्यावर छापलेलं पुस्तकाचं नाव वाक्याच्या मधोमध येत असेल तर तेही याच पद्धतीने काढून टाकता येतं.

फाइल बडबडत असेल तर

नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आली, तर आपल्याकडचा खरा जुना आजार हा. आणि डोळस माणसाला तो समजावून सांगणं अवघड जातं, कारण त्याला पडद्यावर सुरेख मराठी दिसत असतं.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी, आणि पुष्कळ छपाईघरांत त्यानंतरही, मराठी पुस्तकं श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा संचांत जुळवली गेली. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द पडद्यावर मराठीच दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेला असतो ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा. 'ई' म्हणजे म, 'जे' म्हणजे र, 'के' म्हणजे काना, 'बी' म्हणजे ठ, 'एच' म्हणजे दुसरी वेलांटी. स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही, तो साठवलेलं वाचतो. आपल्याला जे अगम्य ऐकू येतं ते हे.

फॉन्ट कोणता ते शोधणं सोपं आहे. वर्डची फाइल असेल तर शब्दावर कर्सर ठेवून एनव्हीडीए कीबरोबर एफ दाबा, फॉन्टचं नाव ऐकू येईल. पीडीएफ असेल तर ॲडोबी रीडरमध्ये कंट्रोल डी दाबा आणि फॉन्ट्स या टॅबवर जा, तिथे यादी मिळते. कृतिदेव, श्री-देव आणि पुढे आकडा, डीव्हीबी-टीटी आणि पुढे सुरेख किंवा योगेश असं काही ऐकू आलं की निदान झालं.

वर्ड फाइल असेल तर कन्व्हर्टर वापरायचा. इंटरनेटवर ते पुष्कळ आहेत. मात्र फॉन्टचं नाव अचूक निवडा, कारण संचागणिक मांडणी बदलते. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीच्या मजकुराला लावला तर एका कचऱ्यातून दुसरा कचरा तयार होतो. कन्व्हर्टर चांगला की वाईट ते पाहायला त्याला 'दिवस' आणि 'कर्म' हे दोन शब्द द्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलट आहे: जुन्या फॉन्टमध्ये 'कर्म' म्हणजे क, म आणि मग रफार, तर युनिकोडमध्ये क, मग र आणि हलन्त, मग म. ज्या कन्व्हर्टरला ही उलथापालथ नीट जमते तो ठेवा. 'ऱ्या' असलेला एखादा शब्दही देऊन पाहा, 'पुऱ्या' किंवा 'दुसऱ्या'. मराठीचा हा र हिंदीसाठी बनवलेल्या साधनांत हमखास मोडतो.

मजकुरात अधूनमधून खरे इंग्रजी शब्द असतील तर कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून निरर्थक अक्षरं करतो. नोटपॅडमधून मजकूर दिला की फॉन्टची माहिती पुसली जाते आणि इंग्रजी कुठलं, मराठी कुठलं हे त्याला कळायची सोय राहत नाही. अशा पुस्तकासाठी थेट वर्ड फाइल घेणारा आणि फॉन्ट बघून बदल करणारा कन्व्हर्टर शोधा.

पीडीएफ असेल आणि कन्व्हर्टरने नीट होत नसेल तर एक आडवाट आहे, आणि मला तीच जास्त भरवशाची वाटते. त्या पीडीएफची पानं जेपीजी चित्रांत बदला आणि मग वर सांगितलेलं ओसीआर करा. अक्षरं संगणकाने काढलेली, स्वच्छ असतात, डाग नाही, पिवळा कागद नाही, त्यामुळे जुन्या पुस्तकाच्या स्कॅनपेक्षा निकाल पुष्कळ चांगला येतो. आधी चित्रं करणं मात्र चुकवू नका. पीडीएफ तशीच दिली तर आतली चुकीची अक्षरंच उचलली जाण्याचा धोका असतो.

मराठीच आहे, पण अडखळतंय

फाइल युनिकोडमध्ये केलेली असते आणि तरी कॉपी केल्यावर वेलांटी अक्षराच्या आधी येते, जोडाक्षरं फुटतात, मध्येच एखादं अक्षर गायब होतं. कारण पीडीएफ हा छपाईसाठी घडवलेला प्रकार आहे. पानावर कुठे कोणता आकार उमटवायचा हे त्यात नोंदलेलं असतं, आणि त्या आकारामागचं अक्षर कोणतं याची नोंद देवनागरीच्या बाबतीत वारंवार अपुरी राहते. 'क्ष'सारख्या एका आकारामागे तीन युनिकोड चिन्हं असतात. फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने ती नीट लिहून ठेवली नाहीत तर आपल्याला ती परत मिळवता येत नाहीत.

इथेही चित्रांवरून ओसीआर चालतं. पण ज्या अर्थी फाइल युनिकोडमध्ये तयार झाली, त्या अर्थी कुणाकडे तरी तिची चांगली वर्ड किंवा इनडिझाइन (पुस्तकाची पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) प्रत आहे. ती मागणं हाच इथला शहाणा उपाय आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

फाइल चांगली, आवाज चुकीचा

नोटपॅडमध्ये मराठी शुद्ध असेल तर आवाजाकडे वळा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि त्यात टेक्स्ट-टू-स्पीच असतं (काही फोनमध्ये जागा थोडी वेगळी असते, सेटिंग्जच्या शोधात नाव टाका). तिथे गुगलचं इंजिन निवडा, भाषा मराठी करा आणि मराठीचा व्हॉइस डेटा उतरवून घ्या. तो उतरवला नसेल आणि आवाज इंग्रजी असेल तर फोन देवनागरी मजकूर गुपचूप वगळू शकतो, आणि आपल्याला वाटतं पान कोरं आहे. हिंदी आवाजावर मराठी वाचणारे बरेच आहेत. चालतं, पण उच्चार हिंदीच्या वळणाने जातात आणि लांब वाचनाला कान थकतात.

संगणकावर दीर्घ वाचन करायचं असेल तर एज ब्राउझरचं 'रीड अलाउड' वापरून पाहा. कंट्रोल शिफ्ट यू दाबलं की सुरू होतं. त्यात मराठीचे आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत, इंटरनेट लागतं, पण ईस्पीकच्या मानाने फारच माणसासारखे बोलतात. वर्ड फाइल वेब पेज म्हणून सेव्ह करून एजमध्ये उघडायची आणि तेवढ्यापुरतं एनव्हीडीएचं बोलणं बंद ठेवायचं, म्हणजे दोघं एकावर एक बोलत नाहीत.

ईपब या ईपुस्तकांच्या फाइल-प्रकारासाठी थोरियम रीडर हा मोफत प्रोग्राम घ्या. स्क्रीन रीडरबरोबर तो चांगला चालतो आणि प्रकरणांवर थेट उडी मारता येते. विकत घेतलेलं ईपुस्तक कुलूपबंद असेल तर ते त्या दुकानाच्याच ॲपमध्ये वाचावं लागतं. ते ॲप टॉकबॅकशी जुळवून घेतं का हे नमुन्याची मोफत पानं उतरवून आधी पाहा, पैसे नंतर भरा.

हे सगळं करण्याआधी

पुस्तक वाचनीय स्वरूपात आधीच तयार असेल तर एवढी खटपट कशाला? सुगम्य पुस्तकालय हे छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१६ साली सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे. डेझी फोरम ऑफ इंडिया या, वाचनीय पुस्तकं बनवणाऱ्या संस्थांच्या संघाच्या सदस्य संस्थेमार्फत त्याचं सदस्यत्व मिळतं. पुस्तकाचं नाव देवनागरीतही शोधा आणि रोमन लिपीतही, स्पेलिंग बदलून बदलून. जुनं, स्वामित्वहक्काबाहेर गेलेलं साहित्य मराठी विकिस्रोतावर युनिकोडमध्ये आहे आणि ईपब म्हणून उतरवता येतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे तिथे बरंच काही सापडतं. संदर्भ हवा असेल तर मराठी विश्वकोशाच्या नोंदीही युनिकोडमध्येच आहेत.

मुंबईत राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. धोबी तलावला झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आहे, आणि वरळीला नॅब ही अंधांसाठीची संस्था आहे, १९५२ पासून. पुस्तक वाचनीय करून घ्यायचं असेल, सदस्यत्वाची माहिती हवी असेल तर आधी तिथे विचारा. सोबत अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (सरकारी अपंगत्व ओळखपत्र) ठेवा.

प्रकाशकाकडे मागायची ती 'ओपन फाइल'

पुस्तक कुठेच नसेल तर प्रकाशकाला फोन करा. पीडीएफ मागू नका. "प्रेसला गेली त्याआधीची ओपन फाइल द्या, वर्ड असेल तर उत्तम, नसेल तर इनडिझाइनमधून काढलेला ईपब द्या" असं सांगा. जुन्या पुस्तकाची पेजमेकरची फाइल असेल तर मजकूर वर्डमध्ये घेऊन, फॉन्टचं नाव कळवून पाठवा म्हणावं. हे पुष्कळदा अक्षरजुळणी करणाऱ्यालाच ठाऊक असतं, त्याच्याशी थेट बोलता आलं तर काम लवकर होतं.

"अशी फाइल देता येत नाही, कॉपीराइट आहे," हे उत्तर मिळण्याची शक्यता असते. घाबरू नका आणि भांडूही नका. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२(१)(झेडबी) आलं. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या अपंग व्यक्तीसाठी पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत बनवणं आणि तिच्या वैयक्तिक वाचनासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी ती देणं हा त्या कलमाखाली हक्कभंग होत नाही, अट एवढीच की त्यात नफा कमवायचा नाही. अंधांना वाचनीय पुस्तकं मिळावीत यासाठीच्या २०१३ च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. कायदा प्रकाशकाला फाइल देण्याची सक्ती करतो असं मात्र म्हणू नका, तसं ते कलम म्हणत नाही. आपण पुस्तक स्कॅन करून वाचनीय करण्याला त्याची मोकळीक आहे. तेव्हा प्रकाशकाला सांगायचं ते असं: "मी हे पुस्तक विकत घेतलंय, स्कॅन करून वाचायला कायद्याने मला परवानगी आहे, तुम्ही फाइल दिलीत तर माझे कितीतरी दिवस वाचतील आणि तुमचं पुस्तक मला चुकांशिवाय वाचता येईल." बिलाचा फोटो जोडा. ही फाइल बाजारात फिरणार नाही असं लिहून द्या आणि तो शब्द पाळा. एका वाचकाने फाइल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली की पुढच्या दहा जणांना नकार मिळतो.

हे वाचणारा कुणी प्रकाशक असेल तर त्यांच्यासाठी थोडंसं: पुस्तक युनिकोडमध्ये जुळवा, शीर्षकांना वर्डमधली हेडिंग स्टाइल द्या, मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवा. मग डेझी कन्सॉर्टियमचं वर्ड-टू-ईपब हे मोफत साधन त्या फाइलचा ईपब करून देतं, आणि त्यांच्याच 'एस' या साधनाने तो तपासताही येतो. छपाईच्या पीडीएफबरोबर ही एक फाइल जपून ठेवलीत तर पुढे आमच्यासारख्यांचा फोन आल्यावर शोधाशोध करावी लागणार नाही.

तरीही अडलं तर

मदत मागताना नुसतं "वाचत नाही" लिहू नका. फाइल पीडीएफ आहे की वर्ड की ईपब, चाचणीचा निकाल चारांपैकी कोणता आला, फॉन्टचं नाव काय ऐकू आलं, कोणता स्क्रीन रीडर आणि कोणता आवाज लावलाय, हे सगळं सांगा. नोटपॅडमध्ये पेस्ट झालेली ओळ जशीच्या तशी पाठवा, आणि तीच ओळ पुस्तकात काय आहे हे कुणाकडून तरी वाचून घेऊन तिच्याखाली लिहा. या दोन ओळी शेजारी असल्या की कोणत्या अक्षराच्या जागी काय आलंय ते ताडून फॉन्ट ओळखता येतो, अख्खी फाइल पाठवायचीही गरज पडत नाही.